'ढ' हा शेरा कोणी पुसायचा? लेण्याद्रीच्या पायथ्यापासून शालेय मानसशास्त्राचा मागोवा

१/ जुन्नरची लेणी आणि नाणेघाट पाहणाऱ्या इतिहासप्रेमींना ब्राह्मी लिपीची थोडीफार ओळख असतेच. ती लिपी शिकताना एक अक्षर विनासायास ओळखू येते : 'ढ'. दोन हजारांहून अधिक वर्षांत बहुतेक अक्षरांनी रूप पालटले. 'ढ' जवळजवळ जसेच्या तसे राहिले. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला मराठीत 'ढ' का म्हणतात, याची एक लोकप्रिय व्युत्पत्ती याच अक्षराशी जोडली जाते. काळ पालटला तरी जे पालटत नाही, ते 'ढ'. व्युत्पत्ती खरी असो वा मागाहून रचलेली. तिच्यामागचे गृहीतक आपल्या शाळांत खोलवर रुजले आहे. मागे पडलेले मूल मागेच राहणार, हे ते गृहीतक. आजचा धागा या गृहीतकाशी झुंजण्यासाठी जन्मलेल्या एका व्यवसायाचा आहे. तो व्यवसाय म्हणजे शाळेतील मानसशास्त्रज्ञाचा.

२/ आरंभ लेण्याद्रीपासून करू. कुकडीच्या खोऱ्यातील या डोंगरात तीसच्या आसपास बौद्ध लेणी आहेत. त्यांतील सातवे लेणे, म्हणजे भिक्खूंचा सर्वांत मोठा विहार, आज अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे मंदिर आहे. विशाल दालन, मध्ये एकही खांब नाही आणि तीन बाजूंना भिक्खूंच्या वीस लहान खोल्या. पुराणकथा सांगते की पार्वतीने पुत्रासाठी याच डोंगरावर तप केले आणि गणपतीचे बालपण येथे गेले. विद्येच्या देवतेचे बालरूप ज्या डोंगरावर पुजले जाते, त्याच्या पायथ्याशी आज जुन्नर आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील शेकडो मुले शाळेत जातात. त्यांतील एखादे मूल अचानक बोलेनासे झाले, वाचताना अडखळू लागले किंवा रात्री दचकून उठू लागले, तर त्याच्याशी बोलायला प्रशिक्षित माणूस कोण आहे? या साध्या प्रश्नामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

३/ अमेरिका, १८९६. फिलाडेल्फियातील एका शिक्षिकेच्या वर्गात एक मुलगा होता. बाकी सारे ठीक; पण शब्दांचे लेखन त्याला काही केल्या जमत नसे. ती शिक्षिका त्याला घेऊन पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लायटनर विटमर यांच्याकडे गेली. विटमर यांनी मुलाची तपासणी केली, तेव्हा त्याच्या दृष्टीतही दोष असल्याचे आढळले. त्याच वर्षी विटमर यांनी जगातील पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. ध्यानात घ्यावी अशी गोष्ट ही की या शास्त्रशाखेचा पहिला रुग्ण हा शाळेत शुद्धलेखन न जमणारा मुलगा होता, आणि त्याला शास्त्रज्ञापर्यंत पोहोचवणारी व्यक्ती त्याची शिक्षिका होती. शिक्षकाचे कुतूहल आणि तज्ज्ञाचे कौशल्य यांची ही जोडी पुढेही वारंवार भेटेल.

४/ पॅरिस, १९०५. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळे साहाय्य द्यायचे, तर ती ओळखायची कशी, या प्रश्नासाठी फ्रेंच सरकारने १९०४ मध्ये आयोग नेमला होता. त्यातूनच आल्फ्रेड बिने आणि तेओडोर सिमों यांनी पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली. बिने यांचा हेतू मुलांवर कायमचा शिक्का मारण्याचा नव्हता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि कधीही न वाढणारी वस्तू आहे, या मताचा त्यांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात स्पष्ट निषेध केला. योग्य सरावाने मुलाचे लक्ष, स्मृती आणि विवेक वाढतात, असे त्यांचे मत होते. आपल्या भाषेत सांगायचे तर 'ढ' हे अक्षर पुसता यावे यासाठीच ती कसोटी जन्मली. बिने १९११ मध्ये वारले, आणि कसोटी इतरांच्या हाती गेली.

५/ पुढच्या काही वर्षांत चित्र पालटले. विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये बिने यांच्या श्रेणीची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली आणि त्या भागाकाराला १०० ने गुणले. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा आले, तर बुद्ध्यंक ७५. गणित सुटसुटीत होते आणि धोकाही तेथेच होता. मुलाविषयीची लांबलचक, गुंतागुंतीची हकिकत एका आकड्यात मावली की आकडा लक्षात राहतो आणि हकिकत विसरली जाते. दरम्यान लंडनच्या काउंटी कौन्सिलने १९१३ मध्ये सिरिल बर्ट यांना शाळांसाठी मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमले. शाळेत या पदाला जागा मिळाली. पण त्या पदावरील व्यक्तीच्या हाती मुख्यतः मोजपट्टी होती.

६/ भारतात मोजपट्टी आली ती ख्रिस्ती महाविद्यालये आणि शिक्षक-प्रशिक्षण संस्थांच्या वाटेने. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातील सी. हर्बर्ट राइस यांनी १९२० च्या दशकात बिने श्रेणीचे हिंदुस्थानी रूप सिद्ध केले. त्यांचा ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग त्याआधी, १९१६ च्या सुमारास, सुरू झालाच होता. मात्र हिंदुस्थानी भाषेतील कसोटी धारवाडच्या किंवा जुन्नरच्या मुलासाठी निरुपयोगी होती. ज्या भाषेत मूल विचार करते, त्या भाषेत प्रश्न विचारला नाही तर आपण बुद्धी मोजत नसून परक्या भाषेचे ज्ञान मोजत असतो. ही अडचण सोडवायला पुढे आले डॉ. वि. वि. कामत.

७/ मुंबई इलाख्यात कन्नड आणि मराठी भाषकांचे प्रदेश एकमेकांना लागून होते. कामत यांनी या दोन्ही भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी बिने श्रेणीचे नवे रूप तयार केले. त्यावरील त्यांचा शोधनिबंध १९३४ मध्ये ब्रिटनच्या शैक्षणिक मानसशास्त्रविषयक नियतकालिकात आला. पुढे १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. हे काम केवळ शब्दांतराचे नव्हते. टर्मन यांच्या सहाव्या वर्षाच्या कसोट्यांत तेरा पेनी मोजणे आणि निकेल, डाइम, क्वार्टर अशी अमेरिकी नाणी ओळखणे होते. आणे-पैच्या बाजारात वाढलेल्या मुलाला डाइम कोठून ठाऊक असणार? प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांना विचारून पाहायचा, कोणत्या वयाची बहुसंख्य मुले तो सोडवतात हे तपासायचे आणि मगच त्याची जागा ठरवायची, असे ते कष्टाचे काम होते.

८/ 'बिने-कामत कसोटी' या नावाने ही श्रेणी पुढे भारतभर पसरली. तीन वर्षांच्या बालकापासून प्रौढापर्यंतच्या पातळ्या, प्रत्येक पातळीवर सहा प्रश्न आणि शेवटी मानसिक वय, अशी तिची रचना. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र देताना अनेक ठिकाणी ही कसोटी आजही वापरली जाते. एखाद्या मराठी-कन्नड प्रयत्नाला लाभलेले हे दीर्घायुष्य अभिमानास्पद आहे, आणि चिंताजनकही. कारण कसोटीचे निकष ज्या पिढीवर बेतले जातात, त्या पिढीचे जग त्यांत गोठलेले असते. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की पिढ्यान्‌पिढ्या कसोटीवरील सरासरी गुण वाढत जातात. म्हणून निकष वेळोवेळी नव्याने बसवावे लागतात. पारतंत्र्यातील मुलांवर बेतलेल्या निकषांनी मोबाइल हाताळणाऱ्या मुलाला मोजणे, हे जुन्या नाण्यांनी आजचा बाजार करण्यासारखे आहे.

९/ याच काळात मुंबईत दुसरी वाट उघडत होती. १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या नेतृत्वाखाली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. तिने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र उघडले. भारतातील या प्रकारचे ते पहिले मानले जाते. अशा केंद्रांची कार्यपद्धती कसोटीहून निराळी होती. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता या तिघांनी मिळून एका मुलाचा विचार करायचा. एक जण शरीर आणि मन तपासणार, दुसरा क्षमता जाणून घेणार, तिसरा घरी जाऊन आईवडिलांशी बोलणार. मूल चोरी करते, शाळेतून पळते, अंथरूण ओले करते. यामागे स्वभावदोष न शोधता परिस्थिती शोधायची. मोजणाऱ्याच्या शेजारी आता ऐकणाराही येऊन बसला.

१०/ तरीही हे केंद्र महानगरात होते. ते मुलापर्यंत जाणार कसे? या प्रश्नाचे उत्तर मानसशास्त्रज्ञांच्या आधी एका शिक्षणतज्ज्ञ स्त्रीने दिले. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला बालशिक्षणाचे काम केले होते. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभला. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. मूल शाळेत येत नाही, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, यातून अंगणवाडी. गुरे राखणारी मुले कुरणात असतात, तर शाळेने कुरणात जावे, यातून कुरणशाळा. ताराबाई स्वतःला मानसशास्त्रज्ञ म्हणवत नव्हत्या. परंतु 'हे मूल शाळेला का जुळत नाही?' हा प्रश्न उलटवून 'शाळा या मुलाला का जुळत नाही?' असा त्यांनी विचारला. शालेय मानसशास्त्राचे मर्म या उलटवलेल्या प्रश्नात आहे.

११/ स्वातंत्र्यानंतर शासनाने या विषयाकडे पाहिले, ते मुख्यतः रोजगाराच्या खिडकीतून. मुंबई सरकारने १९५० मध्ये व्यवसाय मार्गदर्शनासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये शाळांत मार्गदर्शन अधिकारी आणि व्यवसाय-शिक्षक असावेत, असे सुचवले. नव्या राष्ट्राला अभियंते, तंत्रज्ञ, लिपिक हवे होते. म्हणून कोणाचा कल कोठे आहे, हे जाणणे महत्त्वाचे ठरले. हा धागा लांबपर्यंत पोहोचतो. २०१६ पासून काही वर्षे महाराष्ट्रात दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली गेली, तिचे मूळही याच विचारात आहे. यात गैर काही नाही. मात्र 'तू पुढे काय होणार?' असे विचारणारे अनेक असताना 'तुला आज कसे वाटते?' असे विचारणारा कोणी नसावा, ही उणीव राहिलीच.

१२/ या साऱ्या प्रवासात सर्वांत व्यवहार्य शिफारस केली ती कोठारी आयोगाने. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या या आयोगाने ओळखले की प्रत्येक माध्यमिक शाळेत पूर्णवेळ समुपदेशक नेमणे देशाला परवडणारे नाही. म्हणून किमान व्यवस्था सुचवली : दर दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक, आणि सोप्या बाबींत त्याला शिक्षकांचे साहाय्य. गणित करून पाहू. वर्षाचे कामाचे दिवस २२० धरले, तर दर शाळेच्या वाट्याला २२ दिवस येतात. महिन्याला जेमतेम दोन. अगदी तुटपुंजे. पण महिन्यातून दोनदा ठरलेल्या दिवशी तीच व्यक्ती येणार, हे मुलांना ठाऊक असणे हीसुद्धा मोठी गोष्ट असते. ही शिफारस येऊन सहा दशके होत आली. आपण स्वतःलाच विचारावे : असा फिरता समुपदेशक आपण आपल्या शाळेत कधी पाहिला?

१३/ इकडे पुण्यात १९६२ मध्ये डॉ. वि. वि. उर्फ आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. मानसशास्त्राच्या पायावर शिक्षणसंस्था उभी करण्याचा मराठी मुलखातील हा सर्वांत ठळक प्रयत्न. बुद्धिमान मुले हुडकायची, त्यांच्या बुद्धीला सामाजिक प्रेरणेची जोड द्यायची, हा तिचा हेतू. संस्थेच्या प्रज्ञा मानस संशोधिकेने अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिल्फर्ड यांच्या सिद्धान्ताधारे मराठीत कसोट्या तयार केल्या, डॉ. उषा खिरे यांचे त्यात मोठे योगदान आहे. गिल्फर्ड यांचे म्हणणे असे की बुद्धी ही एक वस्तू नसून अनेक स्वतंत्र क्षमतांचा समूह आहे. स्मरण वेगळे, मूल्यमापन वेगळे, एका प्रश्नाची अनेक उत्तरे शोधणे वेगळे. एका आकड्याच्या जागी क्षमतांचा नकाशा आला. एका बाबतीत 'ढ' असलेले मूल दुसऱ्या बाबतीत तल्लख असू शकते, याला शास्त्राचा आधार मिळाला.

१४/ पुढचे निर्णायक वर्ष १९९६. काही मुले बोलण्यात हुशार, प्रश्न विचारण्यात पुढे, तरी वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखाद्या गोष्टीत विलक्षण अडखळतात. त्यांची बुद्धी कमी नसते. मेंदू अक्षरे आणि ध्वनी यांची सांगड वेगळ्या रीतीने घालतो. यालाच अध्ययन अक्षमता म्हणतात. अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत अधिकृत सवलती देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. जादा वेळ, लेखनिक, काही विषयांत पर्याय, अशा त्या सवलती. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांतील अध्ययन अक्षमता केंद्रे तपासणी आणि प्रमाणपत्रासाठी पुढे आली. 'ढ' या शेऱ्याला शासनमान्य उत्तर मिळाले, ते हे.

१५/ या उत्तरालाही मर्यादा होती. मुलाची अडचण शोधण्याची साधने बहुतांशी इंग्रजी होती. इंग्रजीतील वाचनदोष आणि देवनागरीतील वाचनदोष सारखे नसतात. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार. देवनागरीत उच्चार निश्चित, पण काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांची दाटी. मराठी माध्यमातील मूल नेमके कोठे अडते, हे मराठी कसोटीनेच कळणार. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेला 'डाली' हा चाचणीसंच २०१५ मध्ये आला. त्याच्या भाषा : हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी. कामत यांच्या १९३४ च्या निबंधातील दोन्ही भाषा ८१ वर्षांनी पुन्हा शेजारी आल्या. त्यानंतर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले.

१६/ मध्यंतरी २००७ मध्ये 'तारे जमीन पर' या चित्रपटाने हा विषय घरोघरी पोहोचवला. त्याचे चित्रीकरण पाचगणीच्या शाळेत झाले, हे अनेकांना ठाऊक असेल. एक तपशील मात्र सहसा सुटतो. त्या कथेत मुलाची अडचण ओळखणारा माणूस मानसशास्त्रज्ञ नसून चित्रकलेचा शिक्षक आहे. फिलाडेल्फियातील शिक्षिका आठवते का? कथा असो वा इतिहास, मूल प्रथम दिसते ते वर्गात उभ्या असलेल्या माणसाला. दृष्टी शिक्षकाची आणि विद्या तज्ज्ञाची. या दोहोंमधला पूल म्हणजे शालेय मानसशास्त्र.

१७/ आता पुन्हा जुन्नर-आंबेगावात येऊ. हे दोन तालुके म्हणजे एकाच भूमीतील दोन जगे. पूर्वेला बागायती, उसाचे मळे, कांद्याचे आणि भाज्यांचे बाजार. पश्चिमेला सह्याद्रीची रांग, भातखाचरे, हिरडा, महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वस्त्या. घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. डोंगरातील अनेक मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. सहा-सात वर्षांचे मूल घर सोडून वसतिगृहात येते, तेव्हा त्याची बोली, त्याचे जेवण, त्याची झोप, सारे एकदम बदलते. ते गप्प बसले, तर त्याला पाठ येत नाही की घर आठवते आहे? पुस्तकातील प्रमाण मराठी त्याला कळत नाही की फळ्यावरील अक्षर दिसत नाही? वरवर पाहता या चारही मुलांवर शेरा एकच बसतो.

१८/ या भूमीची काही दुःखे तर तिची स्वतःची आहेत. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. अशा आघातानंतर वाचलेल्या मुलाला पुढची अनेक वर्षे जोराचा पाऊससुद्धा भिववू शकतो. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचे भय आहे. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र जुन्नर तालुक्यातच आहे. पहाटे किंवा सांजवेळी शेताच्या कडेने एकटे चालणाऱ्या मुलाच्या मनात काय असते, याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत नसते. भीतीत असलेले मन सावध असते. सावध मनाला धोका टिपता येतो. पाढे लक्षात ठेवणे त्याला अवघड जाते. शिक्षकाला दिसते ते एवढेच : मुलाचे लक्ष नाही.

१९/ मग मानसशास्त्रज्ञ नेमके करतो काय? त्याची पहिली पायरी कसोटी नव्हे. आधी दृष्टी आणि श्रवण तपासले का, हे तो विचारतो. मग झोप, आहार, आजार. मग घर : कोणी गेले का, कोणी दारू पिते का, घरची भाषा कोणती? मग वर्गात मागच्या बाकावर बसून निरीक्षण. मग शिक्षकांशी आणि पालकांशी बोलणे. लहान मुलाला चित्र काढू देणे, खेळू देणे, कारण सात वर्षांचे मूल दुःख शब्दांत सांगत नाही. एवढे झाल्यावर गरज असेल तर कसोटी, आणि अहवालात आकड्यापेक्षा पुढे काय करायचे याला अधिक जागा. मुलाचे बोलणे गुप्त ठेवायचे. पण लैंगिक अत्याचाराची बाब कळली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळवणे बंधनकारक आहे. ही सीमारेषा मुलाला त्याच्या भाषेत आधीच सांगणे, हेही कौशल्यच.

२०/ व्यवस्था काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याची पथके शाळा-अंगणवाड्यांत जाऊन मुलांची तपासणी करतात, आणि त्यात विकासातील विलंबही पाहिला जातो. केंद्र शासनाने २०२० च्या महासाथीत विद्यार्थ्यांसाठी 'मनोदर्पण' हा उपक्रम आणला. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. संकटातील बालकांसाठी १०९८ आहे. हे क्रमांक जपून ठेवा, वर्गमित्रांना द्या. तथापि दूरध्वनीला एक अट असते : बोलणाऱ्याला आपले दुःख ओळखता आले पाहिजे आणि हाती फोन असला पाहिजे. आश्रमशाळेतील दुसरीच्या मुलाकडे यांपैकी काहीच नसते.

२१/ २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संपर्कव्यवस्था ठेवावी. निर्णय ऐतिहासिक आहे. पण तो वाचताना सह्याद्रीच्या कुशीतील जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यांपुढे आणा : दोन शिक्षक, दोन-तीन डझन मुले. ती १०० च्या रेषेखाली येते. तिच्यासाठी 'संपर्कव्यवस्था' म्हणजे काय? कागदावरील एक क्रमांक, की ठरलेल्या वारी गावात येणारा माणूस? लेण्याद्रीच्या परिसरातील मुलांचा वाटा या एका शब्दाच्या अर्थावर ठरणार आहे.

२२/ उत्तर नव्याने शोधण्याची फारशी गरज नाही. ते आपल्या इतिहासात विखुरलेले आहे. कोठारी आयोगाचा फिरता समुपदेशक घ्यावा. दहा लहान शाळांचा गट करून त्यांच्यासाठी एकच व्यक्ती ठेवली, तर एकूण मुले १०० च्या पुढे सहज जातात. १९३७ च्या बालमार्गदर्शन केंद्राचे त्रिकूट तालुक्याच्या रुग्णालयाशी जोडावे. ताराबाईंचे अंगण घ्यावे, म्हणजे तज्ज्ञाने मुलाच्या दारी जावे. कामत यांच्याकडून भाषेचा आग्रह घ्यावा. प्रमाण मराठीपुरता न थांबता तो मुलाच्या बोलीपर्यंत न्यावा. आणि विटमर यांच्याकडे मुलाला घेऊन जाणारी ती शिक्षिका घ्यावी. शिक्षकाला मानसशास्त्रज्ञ बनवण्याची आवश्यकता नाही. शेरा मारण्याआधी 'असे का?' एवढे विचारण्याची सवड आणि पुढे कोणाला विचारायचे याची माहिती त्याला मिळाली, तरी पुष्कळ झाले.

२३/ शेवटी पुन्हा ब्राह्मीकडे. अनेक शतके या लिपीतील शिलालेख डोळ्यांसमोर होते आणि वाचता कोणालाच येत नव्हते. लोक त्यांना पांडवांनी कोरलेली गूढ अक्षरे समजत. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा केला, आणि मुके वाटणारे दगड दान, दाते, गावे आणि श्रेणी यांविषयी बोलू लागले. लेखांत काही उणे नव्हते; वाचणारा नव्हता. मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाविषयीही आधी एवढी शंका घ्यायला हवी.

तुमच्या शाळेत समुपदेशक होते का? असल्यास त्यांचे दार मुले ठोठावत असत का? गाव आणि साधारण वर्ष लिहा. स्वतःचे वा इतर कोणाचे नाव लिहू नका. जुन्नर-आंबेगावकरांनी तर अवश्य लिहावे. शिक्षक असाल, तर हा धागा आपल्या शिक्षककक्षात वाचून दाखवा.